सात नंबरचं फडकं

कन्नडच्या पुढं, घाटाच्या अलीकडं,
बेलखोऱ्याच्या तांड्यावरची ती उतरण.
कागदावर आम्ही तिला 'के-चौदा' म्हणतो,
तांड्यातली माणसं 'आडवी' म्हणतात.
का, ते मी विचारलं नाही.
भाद्रपद सरत आलेला, गवत कमरेएवढं,
आणि गवताखालचं फक्त गवताला ठाऊक.

मी नऊ फडकी अंथरली.
काळा चौकोन, पांढरा चौकोन, मधोमध खुंटी,
चारी टोकांना दगड.
वरून ओळखू यावं म्हणून
डोंगराला लावलेली तीट.

शाहिस्ता परभणीची. उडवण्याआधी
यंत्राचं एकेक पातं बोटानं फिरवून बघते,
शेवयांचं पीठ ताणून बघावं तसं.
मग ते वर गेलं, भुणभुणत,
नांगराच्या तासासारखं
जाऊन-येऊन, जाऊन-येऊन.
शेळ्या आधी बिचकल्या, मग चरायला लागल्या.
बाराशे चाळीस फोटो. चार बॅटऱ्या.
पाचवी शाळेत चार्जिंगला लावलेली,
तर तिथं सकाळपासून लाइट नव्हती.

शेळ्या झमकूबाई राठोडच्या.
म्हणाली, "वरून काय दिसतंय?"
"समदं," मी म्हणालो.
"मग माझी काळी पाट कुठंय सांग.
दोन दिस झाले, घावंना."

ऑफिसात नकाशा जुळेना.
सात नंबरचं फडकं
अर्ध्या फोटोंत आहे, अर्ध्यांत नाही.
साहेबांनी बिलावर शेरा मारला.
एकोणीस दिवसांनी परत गेलो,
स्वतःच्या डिझेलवर.

फडकं झमकूबाईच्या दारात होतं,
काठाला लाल दोऱ्याचे टाके, कोपऱ्यांना कवड्या,
वर एक नवं करडू झोपलेलं.
"आभाळाला दाखवाया अंथरलं हुतं ना?
आभाळाचं बघून झालं,
मग उचललं म्या."
यावर काय बोलणार.

नवं फडकं घेऊन वर चढलो.
खुंटी होती. दगड होते.
रोव्हर लावला, आकडे वाचले.
पुन्हा लावला.
अकरा सेंटिमीटर, उताराच्या बाजूला.
खुंटी जागची हलली नव्हती,
जागाच हलली होती.

आठ नंबर : नऊ.
सहा नंबर : काहीच नाही.
सहा आणि सातच्या मधे उकिडवा बसलो,
पोरीच्या केसांत उवा बघाव्यात
तसं गवत फाकवत गेलो,
आणि फट सापडली.
उभा तळहात जाईल एवढी. आतून गार वारा.
बाराशे चाळीस फोटोंत ती कुठंच नव्हती.

शाहिस्तानं पुन्हा उडवलं.
रात्री लॉजवर दोन नकाशे एकावर एक ठेवले,
तर पडद्यावर लाल उमटलं,
सदऱ्यावर जांभूळ फुटावं तसं.
आत सतरा घरं. समाजमंदिर काठावर.
झमकूबाईचं घर बाहेर,
तीन मीटरनं.

अहवालात एक रकाना असतो :
हालचाल कशी लक्षात आली.
मी लिहिलं, दुसऱ्या उड्डाणात.
दुसरं उड्डाण का करावं लागलं
याला रकाना नाही.

सकाळी तांड्यावर सांगायला गेलो.
सरपंच तालुक्याला गेलेले.
लोकांनी ऐकलं, कुणी हसलं,
एकानं विचारलं, पंचनामा कधी?
झमकूबाईनं विचारलं, पाट दिसली का?
दोन्ही वेळचे फोटो मी मोठे करून मोजले होते.
एकतीस. आणि एकतीस.
तिच्या हिशेबानं बत्तीस.

मग तिच्या उंबऱ्यापासून डोंगराच्या अंगाला
तीन मीटर पावलांनी मोजून दाखवले.
चार पावलं, आखूड.
ती माझ्या मागोमाग चालली.
चौथ्या पावलाशी थांबून
जमिनीकडं बघत राहिली.
"हितं तर मी करडू बांधते."

आणि दावं सोडून,
करडासकट फडकं उचलून
घरात गेली.